जीनगराचं प्रजासत्ताक

फ्रिडरिश एबर्ट जीनगर होता. खोगीर, लगाम, पट्टे शिवायचं काम शिकून हा माणूस गावोगाव हिंडला, कामगारांच्या पक्षात शिरला आणि १९१९ साली जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. वलगावच्या शाळेत सरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात एबर्टचं नावसुद्धा नव्हतं. पुस्तकात चार ओळी होत्या: जर्मनी हरला, व्हर्सायचा तह झाला, पैसा मातीमोल झाला, हिटलर आला. परीक्षेला तेवढं पुरायचं. सरांचं मात्र त्यावर भागत नसे.

कारण सर स्वतःच जीनगरांच्या घरातले. परतवाड्याला छावणी होती त्या काळात त्यांचे आजोबा तिथल्या साहेबांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. छावणी उठली, घोडे गेले, घर वलगावला आलं. वडिलांनी टांग्यांचा साज आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे शिवून संसार केला. अमरावती-परतवाडा रस्त्यावर मोटारी वाढल्या तसे टांगेही गेले. सर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयातून बी. ए. झाले. हे कॉलेज किंग एडवर्डच्या नावानं सुरू झालं तेच १९२३ साली, हे ते मुद्दाम सांगत. १९२३ हे त्यांचं आवडतं साल होतं. का, ते पुढे येईलच.

वलगाव म्हटलं की लोकांना गाडगेबाबा आठवतात, आणि ते रास्तच आहे. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी देह ठेवला तो इथेच, पेढी नदीच्या पुलाजवळ. माझं या गावाचं देणं मात्र दुसऱ्या माणसाचं आहे, आणि ते फिटलेलं नाही.

माझे वडील कापसाच्या जिनावर हमाल होते. घरात पुस्तक म्हणाल तर पंचांग. आठवीत असताना सरांनी मला शाळा सुटल्यावर घरी बोलावलं, ते शिकवायला नव्हे. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना त्यांच्या टिपणांची स्वच्छ प्रत करून हवी होती. पानाला दहा पैसे. महिन्याच्या पगारावर ते पानं मोजून पैसे देत, वहीत सही घेत. फुकट शिकवतो म्हणाले असते तर वडिलांनी पाठवलं नसतं. मजुरी म्हटल्यावर कोण कशाला अडवेल? सरांना हे ठाऊक होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

अशी माझी वायमारशी, म्हणजे एबर्टच्या प्रजासत्ताकाशी, ओळख झाली ती हातानं. काकू चुलीशी बसलेल्या असायच्या. मध्येच म्हणायच्या, "काहून रे, एवढं लिवून हात दुखत नाई काय तुहा? घे, भाकर खाय पयले." मी भाकर खाता खाता पुढचं पान वाचून घ्यायचो.

९ नोव्हेंबर १९१८ चं पान मला अजून तोंडपाठ आहे. सम्राटाची सद्दी संपली, रस्त्यावर कामगार आणि सैनिकांची गर्दी. शायडेमान नावाचा एबर्टचा सहकारी संसदेच्या उपाहारगृहात बटाट्याचं पाणचट सूप पीत बसला होता. लोक त्याला ओढून घेऊन गेले आणि त्यानं खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. परत आल्यावर एबर्ट त्याच्यावर भडकला, की हे ठरवायचा अधिकार तुला कोणी दिला? काही तासांनी राजवाड्यापाशी कार्ल लिबक्नेख्टनं दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. म्हणजे एका दिवसात एका गावात दोन प्रजासत्ताकं. दोन दिवसांनी युद्धबंदीवर सही झाली, ती सेनापतींनी केली नाही. मात्थिआस एर्त्सबेर्गर नावाच्या मुलकी पुढाऱ्याला पुढे केलं. हरले सेनापती, सही पुढाऱ्याची. पुढे हेच सेनापती सांगत सुटले की आम्ही रणात हरलोच नव्हतो, घरच्यांनी पाठीत सुरा खुपसला. एर्त्सबेर्गरला त्या सहीपायी ऑगस्ट १९२१ मध्ये गोळ्या घातल्या.

सर एबर्टचे भक्त नव्हते, हे सांगायला हवं. एबर्टचे दोन मुलगे युद्धात मेले होते, साधा सरळ माणूस होता, हे ते सांगत. पण १० नोव्हेंबरला त्यानं सैन्याच्या ग्र्योनरशी टेलिफोनवर संधान बांधलं, जुनं सैन्य जुन्या अधिकाऱ्यांसकट तसंच ठेवलं, आणि जानेवारीत डाव्यांचा उठाव मोडायला भाडोत्री टोळ्या मोकळ्या सोडल्या, हेही सांगत. १५ जानेवारी १९१९ ला रोझा लुक्सेम्बुर्ग आणि लिबक्नेख्ट यांचा त्या टोळ्यांनी खून केला. रोझाचं प्रेत कालव्यात टाकलं. सरांनी या पानावर मला लाल शाई वापरायला लावली होती.

त्यानंतर चारच दिवसांनी निवडणूक झाली. बायकांनी पहिल्यांदा मतं टाकली. शंभरातल्या त्र्याऐंशी मतदारांनी मतदान केलं आणि प्रजासत्ताक मानणाऱ्या तीन पक्षांना मिळून शंभरात शहात्तर मतं पडली. बर्लिनमध्ये धुमश्चक्री चालू म्हणून घटना समिती वायमार या छोट्या गावात बसली, त्यावरून नाव वायमार. सर म्हणत, लोकांना लोकशाही नको होती असं जे म्हणतात त्यांना हा आकडा दाखवा. लोकांना हवी होती. ज्यांच्या हाताखाली कचेऱ्या, कोर्टं आणि बराकी होत्या त्यांना नको होती.

आणि या वरच्या लोकांनी एबर्टची काय टवाळी केली! ऑगस्ट १९१९ मध्ये त्यानं पदाची शपथ घेतली त्याच आठवड्यात बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकानं त्याचा पोहायच्या चड्डीतला फोटो पहिल्या पानावर छापला. सुटलेलं पोट, गुडघाभर पाणी, शेजारी संरक्षणमंत्री नोस्के. पुढे त्याची पोस्टकार्डं निघाली, एका बाजूला झगमगत्या गणवेशातला सम्राट आणि दुसऱ्या बाजूला हा चड्डीतला जीनगर. हे सांगताना सर खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जात. त्यांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही. पण त्या काळात वलगावात जीनगराचा पोरगा मास्तर झाला तेव्हा पारावर काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज करायला मला फार डोकं लावावं लागलं नाही.

मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. बडनेऱ्याला गाड्या खोळंबल्या. सुट्टीचे दिवस होते, सरांनी मला बोलावून मार्च १९२० चं प्रकरण लिहायला दिलं. १३ मार्चला एरहार्टची नाविक ब्रिगेड बर्लिनमध्ये घुसली. काहींच्या शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं होतं. काप नावाचा अधिकारी स्वतःला चॅन्सेलर म्हणवू लागला. सैन्यानं सरकारच्या बाजूनं बंदूक उचलायला नकार दिला. एबर्टचं सरकार आधी ड्रेस्डेनला आणि मग स्टुटगार्टला पळालं. मग कामगारांनी संप केला. बर्लिनमध्ये वीज नाही, नळाला पाणी नाही, रेल्वे नाही, वर्तमानपत्र नाही. कापला आपलं फर्मान छापून घ्यायला माणूस मिळेना. चार दिवसांत तो पळाला. सरांना यातली गंमत वाटे ती अशी, की सरकारविरुद्ध संप आपण रोज बघतो, इथे सरकार वाचवायला संप झाला. आणि लगेच पुढची ओळ: हाच संप रूर या कोळशाच्या पट्ट्यातल्या कामगारांनी पुढे चालू ठेवला तेव्हा सरकारनं त्यांच्यावर तेच सैन्य पाठवलं, ज्यानं काही आठवड्यांपूर्वी सरकारला दगा दिला होता. "हे दोन्ही एका पानावर यायला पाहिजे," ते म्हणाले. दोन पानांवर गेलं म्हणून मला पान फाडून पुन्हा लिहायला लावलं, आणि दोन्ही पानांचे पैसे दिले.

आता १९२३.

त्या वर्षीचं पान दोन रकान्यांचं होतं. डावीकडे बर्लिनमधला पावाचा भाव, उजवीकडे वलगावच्या दुकानातला ज्वारीचा भाव. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, महागाईनं लोक मेटाकुटीला आले होते, म्हणून उजवा रकानाही काही कमी बोलका नव्हता. पण डावीकडे जानेवारीत पाव २५० मार्काचा होता आणि नोव्हेंबरात सुमारे २० हजार कोटींचा. शून्यं रकान्यात मावेनात, म्हणून सरांनी मला ती खाली-खाली तीन ओळींत लिहायला सांगितली.

ही पाळी कशी आली हे ते वर्गात ज्या तऱ्हेनं सांगत ते मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. जर्मन सम्राटानं युद्ध कर बसवून केलं नाही, कर्ज काढून केलं. जिंकलो की हरणाऱ्याकडून वसूल करू हा हिशेब. हरल्यावर १९२१ मध्ये जेत्यांनीच १३,२०० कोटी सोन्याच्या मार्कांची भरपाई मागितली. जानेवारी १९२३ मध्ये हप्ता चुकला म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरमध्ये शिरल्या. कामगारांनी काम बंद केलं, सरकारनं घरी बसलेल्यांना पगार द्यायचं ठरवलं, आणि कोळसा नाही, कर नाही, तर पगार द्यायचा कशातून? छापून. शंभरावर छापखाने नोटा छापत होते. १९१४ साली डॉलरला सव्वाचार मार्काच्या आत पडत; नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी. नोटा छापणाऱ्या बँकेचा प्रमुख हावेनश्टाइन २० नोव्हेंबरला वारला, आणि मार्क त्या आकड्यावर स्थिरावला तोही त्याच दिवशी. योगायोग, पण सरांना असे योगायोग फार आवडत.

वर्गातली निम्मी पोरं कापूसवाल्यांची. त्यांना नोटांच्या टोपल्या, भिंतीला नोटा चिकटवणं वगैरे ऐकून हसू यायचं. सर म्हणाले, हसू नका. कापसाची एकाधिकार खरेदी नुकतीच सुरू झाली होती. केंद्रावर कापूस आज मोजायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. "समजा बोंड फुटताना कापूस दिला आन् चुकारा आला पेरणीले. मधल्या काळात बियाण्याची थैली हजारपट झाली. तुहा बाप काय करन?" वर्ग गप्प झाला. जर्मन मजुराचा पगार आधी आठवड्यानं होता, मग रोज, मग दिवसातून दोनदा. दुपारच्या सुट्टीत बायको दारात उभी, पैसे घेऊन दुकानाकडे धावत सुटायची.

मग मागून एक पोरगं म्हणालं, "सर, मंग कर्जवाल्याचं तं भलंच झालं न!"

वऱ्हाडात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. सरांचा चेहरा उजळला. "कोणाचं कर्ज, ते पाय आंधी." शेतकऱ्यांची गहाणखतं फिटली, हे खरं होतं. सगळ्यात मोठं कर्ज सरकारचं, तेही फिटलं. म्हणजे ज्या विधवांनी, मास्तरांनी, कारकुनांनी देशासाठी म्हणून युद्धरोखे घेतले होते त्यांच्या हातात रद्दी राहिली. आणि हुगो श्टिनेस नावाचा कोळसावाला बँकांकडून कर्ज काढायचा, त्यात खाणी, जहाजं, हॉटेलं, वर्तमानपत्रं घ्यायचा आणि कर्ज कागदाच्या भावात फेडायचा. मजुराला बँक कर्ज देतच नव्हती, त्याचं काय फिटणार? त्याच्याकडे फक्त पगार होता आणि तोच रोज दुपारपर्यंत वितळत होता.

याच पानाच्या तळाशी सरांनी आंबेडकरांबद्दल एक ओळ घातली होती. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं होतं, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला तो १९२३ सालीच. चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह त्या ग्रंथात आहे. सर म्हणत, शेजारी घर जळताना पाहिलेल्या माणसाचं ते लिखाण आहे. हा त्यांचा तर्क, मला पटतो. दुसरी ओळ आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांची. गदर पक्षातला हा क्रांतिकारक महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांच्या गटात होता आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला जाऊन मक्याच्या वाणांवर काम करू लागला. वर्ध्याचा माणूस त्या धुमाळीत होता, एवढं कळल्यावर बर्लिन मला बडनेऱ्याच्या पुढचं स्टेशन वाटू लागलं.

पण ज्या पानानं माझं आयुष्य वळवलं ते निराळंच होतं. एमिल गुंबेल हा गणिती. त्यानं १९२२ मध्ये, आधीच्या चार वर्षांतल्या राजकीय खुनांचा हिशेब मांडला. डाव्यांनी केलेले खून २२, त्यात १० जणांना मृत्युदंड. उजव्यांनी केलेले खून ३५४, त्यातले ३२६ बिनशिक्षेचे. न्यायाधीश सम्राटाच्या काळातलेच होते. घटनेनं त्यांच्या नोकऱ्या शाबूत ठेवल्या होत्या. काप बंडातल्या पुढाऱ्यांपैकी एकालाच शिक्षा झाली. परराष्ट्रमंत्री राटेनाऊ, ज्यू होता म्हणून आणि तहाच्या अटी पाळतो म्हणून, २४ जून १९२२ ला भर रस्त्यात उघड्या मोटारीत मारला गेला. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरनं म्युनिकला बंड केलं, त्यात चार पोलीस मेले. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तो बाहेर होता. त्याच महिन्यात माग्देबुर्गच्या एका न्यायालयानं निकाल दिला, की युद्धकाळातल्या १९१८ च्या संपात सामील होऊन राष्ट्राध्यक्ष एबर्टनं कायद्याच्या भाषेत देशद्रोह केला होता. एबर्ट त्या खटल्याच्या धावपळीत पोटाचं दुखणं अंगावर काढत राहिला आणि २८ फेब्रुवारी १९२५ ला अपेंडिक्सनं गेला. वय ५४.

बारावीनंतर मला अमरावतीच्या कोर्टात नक्कल विभागात नोकरी लागली. अर्जासोबत अक्षराचा नमुना द्यायचा होता. मी गुंबेलचं पान लिहून दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निकालांच्या नकला केल्या. सवय मात्र सरांच्या वहीची: आधी शिक्षा वाचायची, मग गुन्हा, मग आरोपीचं नाव.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा मी दहावीत होतो. सरांनी भाषण केलं नाही, पत्रक वाटलं नाही. पगारदार माणूस, दोन मुली लग्नाच्या. त्यांनी फक्त वायमार घटनेचं कलम ४८ शिकवलं. राष्ट्राध्यक्षानं संकटकाळी मूलभूत हक्क स्थगित करावेत, वटहुकूम काढावेत, अशी त्यात सोय होती. एबर्टनं ती शंभरावर वेळा वापरली, बहुतेकदा प्रजासत्ताक टिकवायला; त्याच्यामागून राष्ट्राध्यक्ष झालेल्या हिंडेनबुर्गनं ती हिटलरच्या कामी लावली. हे शिकवत असताना तपासणीला आलेले साहेब वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी दुसऱ्या रांगेत होतो, माझ्या तळव्यांना घाम सुटला. सर थांबले नाहीत. उलट म्हणाले, ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामथ उभे राहिले होते. आपल्या मसुद्यातल्या आणीबाणीच्या तरतुदींशी सगळ्यात जवळचं साम्य वायमारच्या घटनेत आहे आणि त्याच तरतुदी वापरून हिटलरनं ती घटना मोडली, असं त्यांनी सांगितलं होतं. आपले पंजाबराव देशमुख त्याच समितीत होते. मग फळा पुसला. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "अध्यापन विषयास धरून." त्यांना सगळं कळलं होतं असं माझं मत आहे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणूस कोर्टाकडे दाद मागू शकत नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात. सरांनी वही मागवली, गुंबेलचं पान उघडलं, समासात पेन्सिलीनं "४:१" लिहिलं आणि वही मला देऊन टाकली. "आता तुह्यापाशी राहू दे," एवढंच. त्या पानाचे दहा पैसेही दिले.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. काकूंना मी दर दिवाळीला भेटत असे, तोवर त्यांचा प्रश्न ठरलेला, हात दुखत नाही का. आता मी निवृत्त आहे. सकाळी वलगावच्या फाट्यावर चहाला बसतो. तिथे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतं, "या देशाले एक हिटलर पायजे." पूर्वी सर असं ऐकलं की विचारायचे, त्याच्या आधी तिथं कोण होतं ते सांग. मी तेच विचारतो. बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांच्या पुस्तकातही चारच ओळी होत्या.

परवा एक तरुण चिडून म्हणाला, "काका, रस्ते तं बांधले न पण त्यानं?"

म्हटलं, कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये खुला झाला, हिटलर यायच्या आधी, कोलोनच्या महापौरानं बांधला. आडेनाउअर त्याचं नाव. हिटलरनं त्याला पदावरून काढलं, आणि युद्धानंतर तोच चॅन्सेलर झाला.

"खरं सांगता?"

"वही घरी आहे. ये संध्याकाळी."

येतो म्हणाला आहे. अक्षर कसं आहे ते विचारायचं राहिलं.